घरी उघडलेला फोन आणि हरवलेले जीपीएस

फोनची बॅटरी, डिस्प्ले किंवा मागची काच घरच्या घरी बदलली की पुष्कळदा सगळे ठीक चालते. कॉल लागतात, कॅमेरा उघडतो, इंटरनेट पळते. फक्त नकाशावरचा निळा ठिपका जागेवर राहत नाही. तो रस्ता सोडून शेजारच्या रानात शिरतो, मिनिटभर हलत नाही, मग एकदम दोनशे मीटर उडी मारतो. कधी ठिपका जागेवर दिसतो, पण त्याभोवतीचे फिकट निळे वर्तुळ लहान व्हायला तयार नसते. दुरुस्तीनंतर उद्भवणाऱ्या दोषांपैकी हा सर्वांत उशिरा ध्यानात येणारा. घरात आणि बाजारपेठेत फोन मोबाइल टॉवर आणि आसपासच्या वायफायवरून स्वतःच्या जागेचा अंदाज बांधतो आणि तो बऱ्यापैकी जुळतोही. टॉवर विरळ आणि वायफाय नाही अशा शिवारात मात्र फोनला आकाशावाचून दुसरा आधार नसतो, आणि दोष तिथेच उघडा पडतो.

असे शिवार शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या शेजारी तालुक्यांत भरपूर आहे. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुढे बऱ्याच अंतरापर्यंत भीमाच दोन्ही तालुक्यांची हद्द होते. दोन्हीकडे उसाची मोठी राने, न्हावरे आणि पाटसचे साखर कारखाने, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती. इथे फोनमधले जीपीएस ही आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनमधून होऊ लागली. पिकाचा फोटो शेतात उभे राहून काढायचा असतो आणि त्या फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात. नव्या ॲपमध्ये तर फोटो गटापासून ५० मीटरच्या आतच घ्यावा लागतो. ज्याच्या फोनचा ठिपका दीडशे मीटर भरकटतो, तो शेतकरी स्वतःच्या बांधावर उभा असूनही ॲपच्या लेखी दुसऱ्याच्या रानात असतो. नोंद अडली की पीकविमा, पीककर्ज, सरकारी खरेदी या सगळ्यांत अडचण येऊ शकते. उसाच्या नोंदीसाठी येणारा कारखान्याचा चिटबॉयही आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलवरच प्लॉटची जागा घेतो. औद्योगिक वसाहतींत माल पोचवणाऱ्या टेम्पोचालकाची भिस्त तर सर्वस्वी नकाशावर. घरी केलेल्या दुरुस्तीत पैसे वाचले आणि फोनचे हे एक अंग निकामी झाले, तर तो सौदा महागात पडतो. त्यातही चुटपुट लावणारी बाब ही की बहुतेक वेळा बिघाड अगदी किरकोळ असतो आणि हाताने नीट होण्यासारखा असतो.

तो किरकोळ बिघाड एवढे नुकसान का करतो, हे कळण्यासाठी आधी सिग्नलची ताकद लक्षात घ्यावी लागते. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकाच्या प्रक्षेपणाची शक्ती अवघी काही दहा वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळपास. तेवढ्या अंतरावरून, तेही अर्ध्या पृथ्वीवर पसरत, ती लहर फोनपर्यंत येते तेव्हा तिचे जे उरते ते साधारण असे: एका वॅटचे एक कोटी भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी. ॲन्टेना आणि सर्किट यांच्या स्वतःच्या उष्णतेतून जो विद्युत गोंगाट निर्माण होतो, त्याच्यापेक्षाही हा सिग्नल पन्नासेक पटींनी क्षीण असतो. तरी तो सापडतो, कारण प्रत्येक उपग्रह १,०२३ टप्प्यांचा स्वतःचा ठरलेला संकेत दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा पाठवतो आणि फोनमधली चिप तोच संकेत जुळवून जुळवून गोंगाटातून त्याला वर काढते. चार उपग्रह असे सापडले की फोनला स्वतःची जागा आणि अचूक वेळ या दोन्ही गोष्टी काढता येतात. इथे वेळेला अतोनात महत्त्व आहे. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकते.

मोबाइल टॉवरचा सिग्नल यापेक्षा लाखो पट बलवान असतो. म्हणून ॲन्टेनाचा सांधा अर्धवट सुटला तरी कॉल लागतात आणि माणूस निर्धास्त राहतो. जीपीएसकडे असे वाया घालवण्याजोगे काही नसते. दुरुस्तीच्या वेळी एक बारीक स्प्रिंग दबली की पहिला बळी त्याचाच जातो.

ही स्प्रिंग असते तरी कुठे? जीपीएसची मुख्य लहर १,५७५.४२ मेगाहर्ट्झची आहे, तिची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. तिच्या पाव हिश्शाच्या, म्हणजे पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपासची धातूची पट्टी तिला पकडू शकते. फोनमध्ये ती वळवून, दुमडून बसवतात. बहुतेक फोनमध्ये तिची जागा वरच्या भागात, कॅमेऱ्याच्या किंवा वरच्या कोपऱ्याच्या शेजारी असते, कारण फोन धरताना हात खाली असतो. काही फोनमध्ये ही पट्टी मधल्या प्लॅस्टिकच्या फ्रेमवर लेसरने उमटवलेली असते, काहींत मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली, आणि धातूच्या कडेच्या फोनमध्ये त्या कडेचाच एक तुकडा ॲन्टेनाचे काम करतो. कडेवर दिसणाऱ्या बारीक प्लॅस्टिकच्या रेघा म्हणजे त्या तुकड्यांच्या सीमा. पट्टी आणि मदरबोर्ड यांना जोडणारी तार सहसा नसते. बोर्डावर सोनेरी मुलाम्याची, दोनेक मिलिमीटर रुंदीची एक लवचीक जीभ उभी असते आणि झाकण बसले की ती समोरच्या सोनेरी ठिपक्यावर टेकते. संबंध आकाशाशी चाललेला व्यवहार त्या टेकण्यावर उभा असतो. जिथे फोनच्या खालच्या भागातली ॲन्टेना वापरलेली असते, तिथे केसासारखी बारीक काळी किंवा पांढरी वायर खालच्या चार्जिंग बोर्डापासून वर मदरबोर्डापर्यंत जाते आणि दोन्ही टोकांना बटणासारखी दाबून बसते.

आता घरची दुरुस्ती कशी होते ते पाहावे. ऑनलाइन मागवलेल्या बॅटरीबरोबर एक किट येते: प्लॅस्टिकच्या पिका, सक्शन कप, छोटे स्क्रू-ड्रायव्हर, कधी बी-७००० गमची ट्यूब. हेअर ड्रायरने काच तापवायची, पीक आत सारून कडेने फिरवायची, झाकण उचलायचे. पीक गरजेपेक्षा खोल गेली की तिच्या वाटेत येणारी पहिली वस्तू ती सोनेरी जीभच असते. ती आडवी झोपते, तुटत नाही, म्हणून दिसतही नाही. मग बॅटरी काढण्यासाठी वरची पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी सोडवावी लागते. तिचे स्क्रू दिसायला सारखे, पण काही केवळ धरून ठेवणारे आणि एखादा ॲन्टेनाला बोर्डाच्या अर्थिंगशी जोडणारा. तो एक स्क्रू परत लावायचा राहिला, किंवा सैल राहिला, तर झाकण नीट बसलेले दिसते, फोन चालतो, आणि जीपीएस मात्र अधू होते. याहून वाईट म्हणजे लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात जाणे. तो बोर्डाच्या आतल्या थरांतल्या रेषा तोडतो आणि ते नुकसान घरी भरून निघत नाही. शेवटी गम. झाकण पक्के बसावे म्हणून हात सैल सोडून गम लावला जातो, त्याचा एक धागा सोनेरी ठिपक्यावर ओढला जातो आणि वाळल्यावर काचेसारखा पारदर्शक होतो. डोळ्यांना ठिपका स्वच्छ दिसतो, विजेला मात्र वाट बंद झालेली असते.

मागचे झाकणच बदलले असेल तर आणखी एक शक्यता असते. मूळ झाकणाच्या आत ॲन्टेनाची पट्टी असते आणि स्वस्तातल्या झाकणात ती नसतेच. रंग, आकार, लोगो सगळे हुबेहूब. आतली सोनेरी नक्षी गायब. नवे झाकण लावण्याआधी जुने शेजारी ठेवून दोन्हींच्या आतल्या बाजू ताडून पाहणे एवढाच यावर उपाय आहे. जुने झाकण फेकून दिले असेल तर ताडायला काही उरत नाही, म्हणून दुरुस्ती यशस्वी ठरेपर्यंत जुना भाग टाकू नये.

मोठ्या कंपन्यांनाही या गोष्टी चुकलेल्या आहेत. २०१० सालच्या सॅमसंग गॅलक्सी एस या फोनच्या दुबळ्या जीपीएसची जगभर चर्चा झाली होती. २०११ च्या अखेरीस आलेल्या असूसच्या ट्रान्सफॉर्मर प्राइम या टॅबलेटची पाठ ॲल्युमिनियमची होती आणि तिने जीपीएस इतके झाकोळले की कंपनीने २०१२ मध्ये ग्राहकांना बाहेरून लावायचे वेगळे जीपीएस उपकरण मोफत देऊ केले. मोटारीच्या मॅग्नेट होल्डरसाठी फोनच्या पाठीवर चिकटवलेली लोखंडी चकती, आतून धातूचा पत्रा असलेले कव्हर, या वस्तूही लहान प्रमाणात तेच करतात.

फोन पुन्हा उघडण्याआधी दोष खरोखर आतला आहे की नाही हे पक्के करावे लागते. आधी कव्हर आणि चकती काढावी. मग परवानग्या. २०२० पासूनच्या आयफोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि २०२१ पासूनच्या अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला अचूक जागा द्यायची की ढोबळ, हे वेगळे ठरवता येते. ढोबळ निवडले गेले असेल तर ठिपका किलोमीटरभर चुकू शकतो आणि ॲन्टेनाचा त्यात काडीचा संबंध नसतो. बॅटरी सेव्हरही काही फोनमध्ये जीपीएसला आवर घालतो. ठिपका जागेवर आहे पण त्याचा बाण उलट्या दिशेला तोंड करतो, ही तक्रार होकायंत्राची. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला की ती सहसा मिटते.

बॅटरी काढून बराच काळ बंद राहिलेल्या फोनला थोडी सवलतही द्यायला हवी. उपग्रह कुठे आहेत याची त्याच्याजवळची माहिती शिळी झालेली असते. डेटा चालू असेल तर ती नेटवर्कवरून काही सेकंदांत येते. डेटा नसेल तर उपग्रहाकडून थेट वाचावी लागते, आणि उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट पाठवतो. एका उपग्रहाची स्वतःची कक्षा समजायला अर्धा मिनिट, सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटे. म्हणून पहिल्या वेळी उघड्या आकाशाखाली पाव तास थांबल्याशिवाय निकाल देऊ नये.

खरी चाचणी आकड्यांनी होते. अँड्रॉइडवर जीपीएसटेस्टसारखे मोफत ॲप प्रत्येक उपग्रहाचा क्रमांक आणि त्याच्या सिग्नलचा गोंगाटाशी असलेला प्रमाणांक दाखवते. हा आकडा डेसिबलच्या भाषेतला असतो: ३ ने घटला की ताकद निम्मी, १० ने घटला की दहावा हिस्सा. निरोगी फोनमध्ये मोकळ्या माळावर बरेच उपग्रह ३५ च्या वर असतात, डोक्यावरचे काही चाळिशी ओलांडतात. २५ च्या खाली उपग्रहाचा संदेश वाचणे जड जाते. यादीत वीस-पंचवीस उपग्रह दिसतात पण सगळे पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान रेंगाळतात आणि गणितात त्यांतले दोन-तीनच घेतले जातात, हे चित्र दबलेल्या जिभेचे किंवा राहिलेल्या स्क्रूचे. यादी पूर्ण रिकामी असेल तर ॲन्टेनाची वाट समूळ तुटली आहे किंवा चिपच गेली आहे. आकडे उत्तम असूनही ठिपका चुकत असेल तर दोष ॲपमध्ये किंवा सेटिंगमध्ये शोधावा, फोन उघडू नये. आयफोन हे आकडे ॲपला देत नाही, तिथे ठिपक्याचे वर्तुळ आणि पहिल्यांदा जागा सापडायला लागणारा वेळ यांवरच भागवावे लागते. कोणत्याही फोनसाठी शेजारी दुसरा चांगला फोन ठेवणे हा सर्वांत प्रामाणिक मापदंड आहे, कारण आकाश, हवा आणि वेळ दोघांना एकच मिळते.

चाचणीची जागाही तितकीच महत्त्वाची. पत्र्याच्या छपराखाली कोणत्याच फोनला न्याय मिळत नाही. शिरूरच्या पेठेत दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून आलेली लहर लांबच्या वाटेने येते आणि अंतर खोटे सांगते. डोक्यावर गेलेल्या ओल्या उसात पाने सिग्नल शोषतात, तेव्हा सरीच्या आत न शिरता बांधावर किंवा रस्त्यावर यावे. वेळ सकाळची बरी, आणि त्यालाही कारण आहे. भारत चुंबकीय विषुववृत्ताच्या पट्ट्याजवळ असल्याने सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात बुडबुड्यांसारखी अस्थिरता तयार होते आणि तिच्यातून येताना सिग्नल लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, विशेषतः सूर्यावरील डागांच्या तेजीच्या वर्षांत, हे अधिक होते. त्या वेळी घसरलेला आकडा दुरुस्तीच्या माथी मारणे चूक. शिवाय शिरूर तालुक्याचा उसाचा पट्टा बिबट्याचा आहे. तिन्हीसांजेला फोनकडे डोळे लावून एकट्याने बांधावर उभे राहण्यात शहाणपण नाही.

दोष आतलाच ठरला की फोन उघडावा. बॅटरीत चार्ज पाव भागापेक्षा कमी असावा आणि फोन पूर्ण बंद. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबून दुकान गाठावे. झाकण निघाल्यावर प्रत्येक टप्प्याचा दुसऱ्या फोनने फोटो घ्यावा आणि कागदावर फोनची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा. कोणतीही पट्टी सोडवण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढावा. मग वरच्या कडेला, उजेड तिरपा पडेल असा फोन धरून सोनेरी जिभा एकेक पाहाव्यात. तिरप्या उजेडात उभी जीभ छोटी सावली टाकते. जिची सावली पडत नाही ती झोपलेली. तिच्या मोकळ्या टोकाखाली प्लॅस्टिकची टोकदार काडी किंवा बारीक चिमट्याचे एक पाते अलगद घालून तिला शेजारणीच्या उंचीइतके उचलावे, त्याहून अधिक नाही. दोनतीनदा वाकवलेली जीभ मुळातून तुटते आणि ती नव्याने बसवायला हॉट एअर मशीन लागते.

त्यानंतर समोरचे ठिपके. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिळलेल्या कापसाच्या काडीने ते पुसावेत. वाळलेला गम बोटाच्या नखाला लागतो, डोळ्याला दिसत नाही, म्हणून नखाने हलकेच चाचपून पाहावे आणि अल्कोहोलने मऊ करून प्लॅस्टिकच्या पिकेने खरवडावा. ब्लेड आणि सँडपेपर वर्ज्य, सोन्याचा मुलामा निघाला की खालचे तांबे हिरवे पडायला वेळ लागत नाही. बारीक वायर असेल तर तिची दोन्ही बटणे काढून, नेमकी वरून धरून, पुन्हा दाबावीत. बसल्याची टिचकी बोटाला जाणवते. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी एक सावधगिरी बाळगावी: फोनच्या कित्येक ॲन्टेना मुळातच अर्थशी जोडलेल्या असतात, त्यामुळे ॲन्टेना आणि अर्थ यांच्यात बीप वाजला म्हणजे शॉर्ट झाला, असा अर्थ काढू नये.

स्क्रू लावून झाल्यावर, गम लावण्याआधी, झाकण रबरबँडने घट्ट बांधून अंगणात आकडे पाहावेत. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग सगळे पुन्हा तापवावे लागते.

कधी जीभ उभी असते, ठिपका स्वच्छ असतो आणि तरीही आकडे पडलेले राहतात. अशा वेळी संशय गोंगाटावर घ्यावा. डिस्प्लेची पट्टी, कॅमेरा, चार्जिंगचे सर्किट हे सगळे स्वतः रेडिओ लहरी सांडतात आणि कारखान्यात त्यांच्यावर तांब्याच्या फॉइलचे किंवा काळ्या वाहक कापडाचे तुकडे चिकटवलेले असतात. घरी दुरुस्ती करताना हे तुकडे साधी टेप समजून फेकले जातात. परीक्षा सोपी आहे: ॲपमधले आकडे पाहत स्क्रीनचा प्रकाश पूर्ण वाढवावा, नंतर फोन पॉवर बँकेला लावावा. यातल्या एखाद्या कृतीने आकडे एकदम पाच-सहाने खाली आले तर आवरण गेलेले आहे. नवा डिस्प्ले हलक्या प्रतीचा असला तरीही असेच होते, आणि मग डिस्प्ले पुन्हा बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

गोंगाटाशी हाच झगडा शिरूरच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात फार मोठ्या प्रमाणावर चाललेला आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण दीर्घिकांकडून येणाऱ्या ज्या लहरी टिपते त्यांच्यापुढे जीपीएसचा सिग्नल म्हणजे आरडाओरडा. दुर्बिणीच्या १,००० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात दिशादर्शक उपग्रहांची १,१७६.४५ मेगाहर्ट्झची लहर येते आणि तिथल्या शास्त्रज्ञांना ती अडथळा म्हणून गाळावी लागते. नवे फोन जिला गोंगाटातून शोधून काढतात, तीच लहर तिथे गोंगाट ठरते.

स्पर्श, स्क्रू, वायर आणि आवरण ही चारही ठिकाणे तपासूनही उपग्रहांची यादी रिकामीच राहिली तर बिघाड बोर्डावर असतो: सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर, त्याच्या आधीचा फिल्टर, किंवा पाणी जाऊन गंजलेला सांधा. हे भाग तांदळाच्या दाण्याहून लहान असतात आणि त्यांना सूक्ष्मदर्शक, हॉट एअर आणि फोनच्या सर्किटचा नकाशा लागतो. घरी बोर्ड तापवून पाहणे म्हणजे उरलेला फोनही घालवणे. फॅक्टरी रीसेटचाही उपयोग नाही, त्यात फोटो आणि ॲप मात्र जातात. दुकानात नुसते ‘जीपीएस चालत नाही’ म्हणण्याऐवजी कोणता भाग बदलला, आकडे किती होते, स्क्रीन उजळल्यावर किती घसरले, हे सांगितले तर कारागिराचे निम्मे काम हलके होते. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टु रिपेअर पोर्टल सुरू केले. कंपनी कोणती माहिती देते, हे भाग मागवण्याआधी तिथे पाहावे.

हाताने उघडून, पाहून शिकण्याला या परिसरात चांगली परंपरा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली मुले तिथे वेल्डिंगपासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत कामे करत शिकली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. फोन घरी उघडण्याला नावे ठेवणे म्हणूनच योग्य वाटत नाही. उघडणाऱ्याला आत काय असते हे माहीत असावे, इतकेच.

दुरुस्त झालेल्या फोनकडून किती अपेक्षा धरावी, हे शेवटचे. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण ४.९ मीटरच्या आत राहते. दुहेरी लहरींचे नवे फोन, आणि ज्यांत भारताच्या नाविक या दिशादर्शक उपग्रह प्रणालीची सोय आहे ते फोन, याहून स्थिर ठरू शकतात. नाविकचे उपग्रह भारताच्या आकाशात कायम वावरतात, आणि २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून त्यांत सर्वसाधारण फोनला झेपणारी लहरही आली आहे. पण एक गुंठा म्हणजे जेमतेम १० मीटर बाय १० मीटर. पाच मीटरची चूक त्यात अर्धी रुंदी खाते. पीक पाहणीला आणि रस्ता शोधायला फोन पुरतो, बांधाच्या वादाला नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची रोव्हरने होणारी मोजणी आहे. ती जमिनीवरच्या कायम संदर्भ केंद्रांशी ताडून सेंटिमीटरपर्यंत जाते.